ओल्या चेंडूचे गुण

चौतीस वर्षं मी अमेरिकेत शाळांच्या फुटबॉलचा पंच होतो, म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा, फेकायचा तो इथला फुटबॉल. दर शुक्रवारी सामन्याआधी चेंडू तपासायला आमच्या खोलीत यायचे. हवा मोजायचं यंत्र असायचंच, पण मी आधी चेंडू दोन्ही हातांत घेऊन दाबायचो आणि म्हणायचो, "यात जरा कमी आहे." यंत्र लावलं की खरंच कमी निघायची. चामड्यावरचे दाणे कुठं झिजलेत, शिवण कुठं उसवायला आली आहे, हे मी न बघता बोटांनी सांगायचो. आमच्या काउंटीत लोक 'क्रेचमरचे हात' म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

ते हात कसे गेले ते आधी सांगतो. साखरेचा आजार मला पंधरा वर्षांपासून आहे. सुरुवातीला पायांना मुंग्या यायच्या, मग तळवे बधिर झाले. पळता येत होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मग बोटांची पाळी आली. शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा मी डोक्यावरून घालायचे सदरे वापरायला लागलो. एका रविवारी सकाळी मी पॅनकेक करत होतो. तव्याच्या कडेला माझी बोटं टेकली होती, आणि ते मला कळलं वासानं. मार्डेलनं, माझ्या बायकोनं, धावत येऊन माझा हात नळाखाली धरला. डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली, दोनदा पाहिली, आणि म्हणाले, "अर्विन, हे आता परत यायचं नाही." त्याच हिवाळ्यात मी पंचाचं काम सोडलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते.

जूनमध्ये ग्लेन ऑस्टरमनचा फोन आला. ग्लेन राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेत फुटबॉलचं बघतो.

"अर्विन, लेका, घरात बसून काय करतोस? पुढच्या हंगामापासून सगळ्या राज्यात एकच चेंडू ठरवायचाय. पाच जणांची समिती आहे. तुझ्या हातांशिवाय ती कशी व्हायची?"

"माझे हात म्हातारे झालेत रे आता."

"म्हातारे नाही, मुरलेत म्हण," तो हसला.

खरं सांगायला तेवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. मी विचारलं, "किती वाजता येऊ?"

फोन ठेवला तर मार्डेल दारात उभी. "बोटांचं सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, आम्हाला तुझा अनुभव हवाय."

किती सहज निघालं तोंडातून. ती मान हलवून बाहेर वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

समिती बसली एका शाळेच्या व्यायामशाळेत. लांब टेबलावर तीन चेंडू, तिन्हींवरची कंपन्यांची नावं काळ्या पट्टीनं झाकलेली, वर खडूनं अ, ब, क. 'अ' म्हणजे गेली कित्येक वर्षं वापरात असलेला चेंडू, हे पट्टीखालूनही सगळ्यांना ओळखू आलं. आम्ही पाच जण होतो: ग्लेन, मोठ्या शाळांचे दोन प्रशिक्षक, मी, आणि कार्लोव्हच्या शाळेची प्रशिक्षक डॅनेट वाव्हरा. मोठ्या शाळांपैकी एकाचं नाव रेक्स टीमन. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता, डॅनेट उजव्या.

कार्लोव्ह आमच्यापासून बारा मैलांवर. एवढी लहान शाळा की तिथं अकराऐवजी आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतात. डॅनेट तिथं गणित शिकवते. जुना प्रशिक्षक गेला तेव्हा दुसरं कुणी मिळेना म्हणून तिच्याकडे संघ दिला, आणि तिनं तो चार वर्षांत बाद फेरीपर्यंत नेला. लोकांना ते पटलं होतं असं नाही. तिच्या बापाचे सामने मी पंच म्हणून पाहिले होते. ती मला भेटली की म्हणायची, "मिस्टर क्रेचमर, बाबांना तुम्ही एकदा मैदानाबाहेर काढलं होतं, आठवतं?" आणि हसायची.

आधी कोरडे चेंडू. प्रत्येकानं हातात घ्यायचे, फेकायचे, झेलायचे आणि दहापैकी गुण लिहायचे. मी 'ब' उचलला. जाड लोकरीचे हातमोजे घालून काहीतरी उचलावं तसं वाटलं. चामडं आहे की लाकूड, कळेना. मी डोळे मिटून अंगठा फिरवला, मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघत होते. मग रेक्सनं त्याच्या कागदावर काय लिहिलं ते मी तिरक्या नजरेनं पाहिलं. नऊ. मीही नऊ लिहिले. 'अ'ला सात, 'क'ला पाच, तेही त्याचेच.

दुपारी जेवणाला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल होते. जेवण लांबलं. ओल्या चेंडूंची पाळी आली तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई झाली होती. बर्फाच्या पाण्याच्या बादल्यांत चेंडू बुडवून ठेवले होते. दोघा प्रशिक्षकांनी बाहेर काढून टॉवेलनं टिपले, दोनदा फेकले, झालं. डॅनेटनं टॉवेल घेतला नाही. निथळता 'ब' तिनं एका हातात धरला, फेकायला हात मागं नेला आणि तो तिच्या हातातून मागच्या मागं सुटला. तिनं पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं 'अ' घेतला आणि सरळ भिंतीपर्यंत फेकला.

"हा 'ब' चालायचा नाही," ती म्हणाली. "पाणी लागलं की यावर साय आल्यासारखं होतं. नोव्हेंबरात आमची पोरं हा धरणार कशी?"

रेक्स म्हणाला, "वाव्हरा, तुझा हात लहान आहे म्हणून वाटतं तसं."

"माझ्या पोरांचेही लहानच आहेत, रेक्स. सोळा वर्षांची आहेत ती."

तिच्या कागदावर 'ब'पुढे चार लिहिलेले मला दिसले. ग्लेनला एकमतानं ठराव हवा होता. एकमत झालं की वर कुणी प्रश्न विचारत नाही. तो माझ्याकडे वळला. "अर्विनला विचारू या. हात त्याचे."

मी चेंडू घेतला. माझ्या मनगटावरून पाणी बाहीत शिरत होतं, ते मला दिसत होतं. बोटांत काही नव्हतं. गारही लागत नव्हतं. डॅनेट माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होती की, आता हे माझी बाजू घेतील.

'मला कळत नाही', एवढं तीन शब्दांचं वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "पोरी, नव्या चामड्याचं पहिल्या दिवशी असंच असतं. आठ-दहा दिवस घासलं, ब्रश मारला, की बसतं हातात. माझी बोटं सांगतात, चेंडू चांगला आहे."

तिनं आपल्या ओल्या तळव्याकडे पाहिलं. मग तिनं खोडरबर घेतला, चार पुसले आणि सात लिहिले. "तुम्ही म्हणता तर असेल," ती म्हणाली.

पाचही मतं 'ब'ला. संघटनेच्या पत्रिकेसाठी फोटो काढायचा होता. ग्लेन म्हणाला, "अर्विन, धर चेंडू." मला भीती वाटली, सगळ्यांसमोर हातातून सटकेल. मी म्हणालो, "म्हाताऱ्याचा कसला फोटो काढता, पोरीचा काढा." सगळ्यांना ते कौतुक वाटलं. डॅनेटही लाजून हसली. ऑगस्टमध्ये राज्यातल्या प्रत्येक शाळेत तो फोटो लागला: हातात नवा चेंडू धरलेली डॅनेट वाव्हरा, खाली 'आपला नवा चेंडू'.

त्या वर्षी सप्टेंबरपासूनच पाऊस लागला. आधी एका गावाहून, मग दुसऱ्या, तिसऱ्या गावाहून त्याच गोष्टी ऐकू यायला लागल्या. चेंडू निसटतो. मागं दिलेला पायाखाली जातो, फेकलेला भलतीकडेच जातो. घासून, ब्रश मारून काही फरक पडत नव्हता. आमच्या गावात ट्रूडीचं कॅफे आहे. सकाळी सात वाजता आम्ही सात-आठ म्हातारे तिथं कॉफीला असतो. एक दिवस त्यातल्या हार्लननं पेपर टेबलावर आपटला.

"बाईकडनं चेंडू निवडून घेतला की असंच व्हायचं. तिनं रंग बघितला असणार. पर्सला शोभतो का म्हणून."

सगळे हसले.

"नाही रे," दुसरा म्हणाला, "घरी नेऊन सोफ्यावर ठेवून बघितला असेल."

पुन्हा हसले. आणि मीही हसलो. नुसता ओठातल्या ओठात नाही, चांगला आवाज करून हसलो. ट्रूडी कॉफी ओतत होती. तिनं माझा कप अर्धाच भरला आणि पुढं गेली. तेव्हा मला वाटलं, संपली असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी कार्लोव्हला बाद फेरीचा सामना होता. मार्डेल म्हणाली, जाऊ या. गाडी तीच चालवते आता. गारठा होता आणि बर्फाळ पाऊस सुईसारखा तिरका येत होता. दोन्ही संघांच्या हातून चेंडू सुटत होता, पण दोन्ही संघांच्या माणसांनी दोष एकीलाच दिला. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. कार्लोव्ह दोन गुणांनी मागं, आणि गुण मिळायची रेषा फक्त चार यार्डांवर. चेंडू घेऊन एकदा तिथवर पळालं असतं तरी पुरलं असतं. मधल्या पोरानं दोन पायांमधून चेंडू मागं दिला, मागच्याच्या हातात तो आला, आणि साबणासारखा सुटला. दुसऱ्या संघाचा पोरगा त्यावर जाऊन पडला. खेळ खलास.

आमच्या दोन रांगा पुढं एका पोराचा बाप उठला आणि ओरडला, "घे! तुझाच ना चेंडू? फोटो काढ आता!"

तो कार्लोव्हचाच होता. त्याच्यामागं आणखी काही जण ओरडले. डॅनेटनं वळून पाहिलं नाही. ज्या पोराच्या हातून चेंडू सुटला होता तो चिखलात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ती त्याच्यापाशी गेली, त्याची कॉलर धरून त्याला उठवलं. "ऊठ. तुझं काही चुकलं नाही. ऊठ," एवढंच तिनं म्हटलं असावं, तिच्या ओठांवरून मला तसं वाटलं.

परत येताना मार्डेल म्हणाली, "एवढ्या लोकांनी बसून चेंडू निवडलात, ओला करून नाही का पाहिलात?"

"पाहिला."

"मग एकालाही कळलं नाही?"

"तिला कळलं होतं," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. रेक्सचा कागद, खोडरबर, फोटो. ग्लेनला बोटांचं सांगितलंच नव्हतं, तेही. मार्डेलनं धान्याच्या कोठाराजवळ गाडी कडेला घेतली आणि बंद केली. काचेवर बर्फ साचत होता.

"चौतीस वर्षं तुझा पंचाचा पट्ट्यांचा सदरा धुतला मी," ती म्हणाली. "लोक शिव्या घालायचे तुला, मी तिथंच बसलेली असायचे. एकदाही लाज नाही वाटली, अर्विन. आज वाटली."

तिनं गाडी पुन्हा सुरू केली. ती म्हणाली, "मला वाटतं म्हणून नको सांगूस कुणाला. पण नाही सांगितलंस, तर त्या कॅफेत मी तुला सोडायला येणार नाही."

सोमवारी सकाळी तिनं मला कॅफेत सोडलं. मी कोट न काढता टेबलाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "तो चेंडू डॅनेटला नको होता. तिनं तसं सांगितलंही होतं. मी तिला गप्प केलं. माझ्या बोटांत जीव नाही दोन वर्षांपासून, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

हार्लननं माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे, आणि हसून म्हणाला, "बघा, याला म्हणतात सद्गृहस्थ. बाईवर आलं तर स्वतःच्या अंगावर घेतोय. बस रे, कॉफी घे."

"अरे, खरं सांगतोय."

"हो हो, खरंच. बस."

मला अजून घाम फुटतो ते आठवलं की. मी कबूल करत होतो आणि ते माझं कौतुक करत होते. शेवटी मी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात टेबलावर पालथे नव्हे, उताणे ठेवले. "काहीही ठेवा हातात," मी म्हणालो. "ओळखलं तर मी खोटा."

कुणीतरी काहीतरी ठेवलं. मी मूठ मिटली, दाबली. गोल आहे की चौकोनी, काही कळेना. अंदाजानं म्हणालो, "बाटलीचं झाकण?"

कुणी हसलं नाही. मी डोळे उघडले. माझ्या मुठीतून पाणी गळून टेबलावर साचलं होतं. बर्फाचा खडा होता. हार्लननं कागदी रुमाल माझ्यासमोर सरकवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

तिथून ट्रूडीच्या गाडीतून मी कार्लोव्हला गेलो. शाळेच्या मागच्या बाजूला धुण्याचं यंत्र आहे. डॅनेट हंगाम संपल्यावरचे सदरे धुऊन घड्या घालत होती. मी दारातच उभा राहून सांगितलं. सगळं. कॅफेत हसलो तेही.

"ते मला माहीत होतं," ती घडी घालत म्हणाली. "ट्रूडी माझी मावशी आहे."

"मला माफ कर, पोरी."

"पोरी नका म्हणू, मिस्टर क्रेचमर. आज तरी."

तिनं आणखी दोन सदऱ्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "तुमच्या हातांना कळत नव्हतं. माझ्या हातांना कळलं होतं. तीनदा सुटला चेंडू माझ्या हातून, आणि मी खोडरबर घेतला. का, तर तुम्ही म्हणालात म्हणून. शनिवारी तो माणूस ओरडला तेव्हा मला वाटलं, बरोबरच बोलतोय. सात मीच लिहिले होते."

"तू माझ्यामुळं लिहिलेस."

"हो. ते मला जास्त लागतंय." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही इथं येऊन बोललात, तुमचं ओझं उतरलं. मी त्या पोराला काय सांगू? की मला माहीत होतं, पण एका मोठ्या माणसासमोर मी दबले?"

मग तिनं विचारलं, "ग्लेनला सांगितलंत?"

"नाही अजून."

"लेखी सांगा. आणि पत्रिकेत छापा म्हणावं. फोटो जेवढा मोठा होता तेवढं नको, पण छापा." मग तिनं पाठ फिरवली आणि यंत्राचं दार उघडलं.

पेन मला नीट धरता येत नाही, म्हणून मार्डेलनं लिहिलं आणि मी बोललो. दोन ठिकाणी मी जरा सौम्य शब्द घालायला गेलो. तिनं लिहायचं थांबवून नुसतं माझ्याकडे बघितलं. खाली सही मात्र माझीच, वेडीवाकडी. ग्लेनचा तिसऱ्या दिवशी फोन आला आणि तो अर्धा तास ओरडला. "आता सांगतोस? तीन वर्षांचा करार झालाय! माझं तोंड कुठं नेऊ मी?" मी म्हणालो, "माझं नेलं तिथंच ने." त्यानं फोन आपटला. पण पत्र छापलं, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.

चेंडू काही लगेच बदलला नाही. करार संपेपर्यंत पोरं त्याच चेंडूनं खेळली. फक्त प्रत्येक खेळीआधी पंचांनी चेंडू पुसून द्यायचा असा नियम आला. काही लोक डॅनेटला जाऊन भेटले, त्या ओरडणाऱ्या बापासकट. काही म्हणाले, म्हाताऱ्याला पुढं करून सुटली. तिसऱ्या वर्षी पुन्हा समिती बसली तेव्हा तिला बोलावलं होतं. ती गेली नाही. "माझ्याऐवजी माझ्या संघातल्या दोन पोरांना बोलवा," असं तिनं कळवलं, आणि त्यांनी खरंच बोलावलं.

या सप्टेंबरात मार्डेल आणि मी कार्लोव्हच्या पहिल्या सामन्याला गेलो. आता चर्चमध्ये, दुकानात कुणी हात पुढं केला की मी आधीच सांगतो, मला कळत नाही हं, जोरात दाबलात तरी. लोक जरा अवघडतात. हार्लन मला बघून हात वर करतो, कॉफीला माझी खुर्चीही असते, पण चेंडूचा विषय निघाला की सगळे एकदम हवामानावर येतात.

डॅनेट मैदानाच्या कडेनं चालत आमच्या रांगेपाशी आली. थांबली. मार्डेलला म्हणाली, "थंडी वाजेल हं, पांघरूण आणलंत का?" मार्डेल म्हणाली, "आणलंय." माझ्याकडे तिनं एकदा बघितलं, मान थोडी हलवली असं मला वाटलं, नक्की सांगता येणार नाही. मग ती तिच्या पोरांकडे गेली. मार्डेलनं पांघरूण उलगडून आमच्या दोघांच्या मांडीवर टाकलं, आणि सामना सुरू झाला.